गोदाराणीचा अधिवास

गोदाराणी गेल्या मंगळवारी मेली. घंटागाडीतून गेली. ओल्या कचऱ्यात, कारण सुक्यात टाकली असती तर सोसायटीला दंड झाला असता.

आता हे तुम्ही वाचलेलं नाही. जिवंत वारसा विभागाच्या म्हणण्यानुसार असं काही घडलेलंच नाही. गोदाराणी जिवंत आहे, तब्येत उत्तम आहे, आणि कुणी विचारलं तर मीही हेच सांगायचं आहे. म्हणून तेच सांगतो. पण पहिल्यापासून.

मी कौस्तुभ खैरनार. नाशिकला गंगापूर रोडवर, सोसायटीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, कुमुदआत्याकडे राहतो. मी लोकांना नकार लिहितो. म्हणजे सरकारी पोर्टलवर कुणी अर्ज केला की तो यंत्रच फेटाळतं, पण फेटाळल्याचं पत्र माणसानं लिहावं असा नियम आलाय, त्यात सहानुभूती असते म्हणून. ती सहानुभूती मी घरी बसून पुरवतो. 'आपल्या भावनांचा आदर करून कळविण्यात येते की' हे माझं. राज्यभर चालतं.

आत्या सरकारी दवाखान्यात मेट्रन होती. निवृत्त झाली, पण हात अजून ड्यूटीवर आहेत. कशालाही शिवली की लाल औषधी साबणानं कोपरापर्यंत धुते. आमच्या घराची एक पद्धत मात्र तिनं कधी पाळली नाही. आजोबांचा नियम होता की जेवण झाल्यावर बेसिनकडे जायचं नाही, गच्चीवर जायचं आणि गुलाबाच्या बुंध्याशी हात धुवायचे. निळा ड्रम अर्धा कापून त्यात तो गुलाब लावलेला होता. आजोबांनी मला लहानपणी हातानं भरवलं, आणि भरवून झालं की आम्ही दोघं वर जाऊन हात धुवायचो. आजोबा गेले, मी धुत राहिलो. आत्या बेसिनवर धुवायची आणि नंतर वर येऊन झाडाला नुसतीच रागवायची.

आजोबा सांगायचे, ही गोदाराणी आहे. शंभर वर्षांपूर्वी नाशिकच्या एका रोपवाटिकेत तयार झालेली जात. तिचं अत्तर राजेरजवाड्यांकडे जायचं, आणि आजोबांचे वडील तिथे माळी होते. आत्या दर वर्षी हा गुलाब ड्रमसकट प्रदर्शनात न्यायची. परीक्षक दर वर्षी तो 'इतर' गटात ठेवायचे.

"ही गोदाराणी नाही," ते म्हणायचे.

"कशावरून?"

"गोदाराणी कुणी पाहिलेलीच नाही."

"पाहिलेली नाही, तर ही ती नाही हे कसं ओळखलंत?"

हा वाद मी शाळेत असल्यापासून चालू होता. दोन्ही बाजूंनी चहा देऊन चालू होता.

मग प्रदर्शनात यंत्र आलं. त्याचं खरं नाव चार ओळींचं आहे, सगळे त्याला हुंगणी म्हणतात. गुलाबाचा वास म्हणजे एकच एक पदार्थ नसतो. शेकडो रेणूंची ती मिसळण असते, आणि कुठला रेणू किती हे प्रत्येक जातीचं ठरलेलं असतं, जसं प्रत्येक घरच्या काळ्या मसाल्याचं असतं. हुंगणी हवेचा घोट घेते, रेणू वेगळे करते, मोजते आणि नोंदीशी ताडून बघते. हरवलेल्या जातींची पानं कुणाकडे नसतात, त्यामुळे जनुकं जुळवायची कशाशी? पण एका संग्रहालयात गोदाराणीच्या अत्तराची लाखेनं बंद केलेली कुपी होती. तेवढ्या पुराव्यावर कायदा झाला होता: जुन्या जातीची ओळख वासावरून.

हुंगणीनं आमच्या गुलाबावरून एक घोट घेतला. हिरवा दिवा लागला. 'गोदाराणी. जुळणी पूर्ण.'

आत्या परीक्षकांकडे वळली. "माझ्या वडलांची माफी मागा."

"अहो, पण ते तर वारलेत ना?"

"म्हणूनच. त्यांना पोचेल अशी मागा. माइक आहे ना तुमच्याकडे?"

परीक्षकांनी माइकवरून मागितली. आत्यानं ती उभी राहून, पदर सारखा करून, वडलांच्या वतीनं स्वीकारली. तिचे डोळे ओले झालेले मी आयुष्यात तेव्हाच पाहिले.

जिवंत वारसा विभागाचे बोराडे साहेब तिथेच होते. ते सरळ रडलेच. मोठ्या रुमालात. "दिसायला काय सामान्य आहे हो!" ते भक्तिभावानं म्हणाले. "जुन्या जातीचं हेच तर लक्षण."

*

इथे सलोनी येते. सलोनी गांगुर्डे माझ्या कॉलेजातली. ती मालवणला समुद्री शेवाळ वाढवायच्या केंद्रात काम करते. आमचं लग्न ठरलं होतं. लग्नानंतर मी तिकडे जायचं, कारण नकार कुठूनही लिहिता येतो आणि शेवाळ गंगापूर रोडला येत नाही.

जागा बघायला म्हणून मी आठवडाभर मालवणला गेलो. भाड्याचं घर पाहिलं. खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि दोऱ्यांना बांधलेलं सलोनीचं शेवाळ. परत आलो तर गच्चीवर बोराडे साहेब हुंगणी मांडीवर घेऊन बसलेले. सुतक असल्यासारखे.

"वास गेला," ते म्हणाले.

फुलं होती तशी होती. वास नव्हता. आत्या म्हणाली, जेवून घे आधी. मी जेवलो, नेहमीसारखा वर आलो, बुंध्याशी हात धुतले, पाकळ्यांवर पाणी झटकलं. दोनेक दिवसांत वास परत आला. बोराडे साहेबांनी हुंगणीकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग माझ्या हाताकडे. मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं आभार मानतायत. ते नमुना घेत होते.

तपासात निघालं ते असं. हे झाड वासाचे रेणू अर्धवटच बनवतं. पाकळ्यांवर राहणारा एक जिवाणू त्या रेणूंचं टोक तोडतो आणि तेव्हा कुठे गोदाराणीचा वास तयार होतो. हा जिवाणू प्रयोगशाळेत तगत नाही. तो पाकळीवर चार-आठ दिवस जगतो, आणि कायमचा एकाच ठिकाणी राहतो: माझ्या बोटांच्या बेचक्यांत. पणजोबांच्या हातावरून आजोबांच्या हातावर, आणि भरवलेल्या घासांतून माझ्याकडे आलेला. आत्याकडेही आलेला असणार, पण तिनं तो नोकरीच्या पहिल्याच महिन्यात साबणानं मारला.

"म्हणजे कायद्याच्या भाषेत," बोराडे साहेब म्हणाले, "तुम्ही गोदाराणीचा अधिवास आहात."

"साहेब, लग्नानंतर मी मालवणला जाणार आहे."

"अधिवास कुठे जातो का, कौस्तुभराव? जंगलानं कधी बदली मागितलीय?"

त्यांनी माझ्या मनगटात हिरवी पट्टी घातली. हळुवारपणे घातली. माणूस वाईट नाही, हाच सगळा त्रास आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं.

नियम आले. साबण बंद. सॅनिटायझर बंद. शहराबाहेर जायचं नाही. अनोळखी माणसाशी हस्तांदोलन नाही. मी एकदा सिन्नरपर्यंत गेलो, नुसता बघायला की जाता येतं का. पट्टीनं अशी शिट्टी मारली की एसटीतल्या बायकांना वाटलं कुणाचा तरी कुकर झालाय. कंडक्टरनं सन्मानानं उतरवलं. तिकिटाचे उरलेले पैसे दिले नाहीत, पण 'जपा हो' म्हणाला.

सोसायटीनं गच्चीच्या दाराशी बोर्ड लावला: 'संरक्षित अधिवास. खाद्यपदार्थ देऊ नयेत.' शाळांच्या सहली यायला लागल्या. एका मुलीनं मला न्याहाळून विचारलं, "दादा, तुम्ही बोलता?"

"परवानगीनं," मी म्हणालो. तिनं ते लिहून घेतलं.

*

सलोनी भेटायला आली तेव्हा तिला दारात हातमोजे देण्यात आले. आम्ही गच्चीवर बसलो. तिनं हातमोज्यातून माझा हात धरला.

"कसं वाटतं?" मी विचारलं.

"दाताच्या डॉक्टरला धरल्यासारखं," ती म्हणाली. पण सोडला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "तू काही तरी करणारेस ना?"

"अर्ज केलाय."

"उत्तर कोण लिहितं त्याला?"

मी स्वतःकडे बोट केलं. ती हसली. हातमोज्याचं रबर मनगटावर टचकन वाजवून हसली, आणि मग एकदम थांबली.

"मी इथे येऊ शकत नाही, कौस्तुभ. माझं काम पाण्यात आहे. नाशिकला समुद्र आणतोस? येते."

"गोदाघाट चालेल?"

"गप रे."

तरी लग्नाची तयारी चालू राहिली. लग्न नाशिकलाच होतं, त्यामुळे अडचण नव्हती. अडचण आली हळदीला. बोराडे साहेब पत्रिका वाचता वाचता मध्येच थांबले.

"हळद जंतुनाशक असते," ते म्हणाले.

"थोडीशी. कपाळाला."

"कपाळाची हळद हातावर येते, कौस्तुभराव. माझ्याही आली होती." त्यांनी बराच विचार केला. त्यांना खरंच मदत करायची होती. "नुसतं बेसन लावलं तर?"

हा निरोप मी सलोनीच्या आईला फोनवर दिला. मग त्या म्हणाल्या, "बेसन? जावई करून घेतेय मी, का भजं?"

"काकू, विभागाचं म्हणणं असं की…"

"विभागाला म्हणावं तुमच्या मुलीला द्या बिनहळदीचा नवरा. आणि लग्न झाल्यावर पुढे काय? ही मालवणात आणि तुम्ही कुंडीत?"

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. लग्न पुढे ढकललं गेलं. कधीपर्यंत, ते कुणी बोललं नाही. माझ्याच एका पत्रात तसं वाक्य आहे: 'योग्य वेळी कळविण्यात येईल'. ते लिहिलं तेव्हा मला ते फार हळुवार वाटलं होतं.

*

अधिवासाला दिवसभर काम नसतं. मी झाडाशी बसून तण काढायचो. असाच एकदा माती उकरत होतो तर बुंध्यावर सांधा दिसला.

गुलाब कसा करतात ते आजोबांनी शिकवलं होतं. जमिनीत मुळं धरायला गावठी गुलाबाचा खुंट लावायचा आणि त्याच्या सालीत हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा. डोळा फुटला की वरचं झाड त्या जातीचं. पण खुंटही स्वस्थ बसत नाही. तो सांध्याच्या खालून स्वतःचे फुटवे काढतो, आणि ते वेळेवर मोडले नाहीत तर वरच्या डोळ्याची उपासमार होते. आजोबा रोज बघायचे, खालून फुटवा आला की मोडायचे. आजोबा गेले तेव्हा आत्यानं फर्मान काढलं: वडलांचं झाड आहे, एक फांदी तोडायची नाही. मी तेव्हा शाळेत होतो. घरात कुणीही एक फांदी तोडली नाही.

सांध्याच्या वर एक वाळका, पोकळ ठोंब उरला होता. जे काही हिरवं होतं ते सगळं सांध्याच्या खालून आलेलं होतं.

मी आत्याला वर बोलावलं. तिनं चष्मा लावला, वाकली, मेट्रन जखम बघते तसं बघितलं.

"डोळा केव्हाच गेलाय, आत्या. हा नुसता खुंट आहे. गावठी."

"माझ्यामुळे."

"प्रेमामुळे म्हणू आपण."

"काहीही म्हण. मेला तो मेलाच." ती ड्रमच्या कडेवर बसली. "माइकवरून माफी मागायला लावली रे मी त्या लोकांना."

मला इतका आनंद झाला होता की चेहरा कुठे ठेवावा कळत नव्हतं. गोदाराणीच नाही म्हटल्यावर अधिवास कसला? पण मी हे कळवलं तर आजोबा पुन्हा 'इतर' गटात जाणार होते. आत्याला ते माझ्या आधी समजलं होतं.

"कळव बोराड्यांना," ती उठत म्हणाली. "बाबांचं मी बघते. ते समजून घेतील. ती पोरगी नाही समजून घ्यायची."

जिन्यात ती थांबली. "पण काय रे, हा गावठी खुंट, तर मग इतकी वर्षं वास कुणाचा येत होता?"

मी ऐकलं नाही. मी बॅग शोधत होतो.

*

पानांची तपासणी झाली. कुपीत जनुकं नव्हती, पण गावठी खुंटाची सगळ्यांकडे होती, आणि ती तंतोतंत जुळली. विभागानं झाडाचं संरक्षण काढलं. सोसायटीचे सेक्रेटरी याच दिवसाची वाट बघत होते, कारण ड्रमखालून स्लॅब गळायचा. मंगळवारी सकाळी घंटागाडी आली आणि मी स्वतः ड्रम खाली नेला. एक फूल उमललेलं होतं. ते तोडून आत्याला द्यावं असं मनात आलं, पण घरातल्या सवयीनं हात पुढे झाला नाही.

सलोनीला फोन केला. "हळद दळून ठेव," म्हटलं. ती ओरडली. मागे समुद्रही ओरडत होता.

दुपारी जेवलो. सवयीनं गच्चीवर गेलो. ड्रमच्या जागी ओला गोल डाग होता. मी त्या डागावर हात धुतले.

संध्याकाळी बोराडे साहेब पट्टी काढायला आले. त्यांचे डोळे सुजलेले होते, गुलाबासाठी. त्यांनी छोटी कात्री काढली, माझं मनगट हातात घेतलं, आणि त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत काहीतरी वाजलं.

हुंगणी. बंद करायची राहिली होती.

त्यांनी ती बाहेर काढली. ड्रमच्या डागावर धरली. गप्प. आत्यावर धरली. गप्प, थोडासा साबण. माझ्यावर धरली.

'गोदाराणी. जुळणी पूर्ण.'

"बिघडलीय," मी म्हणालो.

"नाही हो," बोराडे साहेब कुजबुजले. त्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रदर्शनातला भक्तिभाव पसरायला लागला होता. "आता कळलं. जिवाणूला अर्धवट रेणू हवेत, बस. ते कुठलाही गुलाब देतो. झाड गेलं, तर तो तुमच्या घामातूनच भागवतोय. तुमच्या पणजोबांच्या हातात जे झाड असेल ते गोदाराणी होत होतं! गोदाराणी नावाचा गुलाब कधी नव्हताच, कौस्तुभराव. हात होता."

"मग प्रश्नच मिटला. गुलाब नाही, तर अधिवास नाही."

"बरोबर. तुम्ही आता अधिवास नाही."

"काढा पट्टी."

"आपल्या कायद्यात जातीची ओळख वासावरून आहे," ते म्हणाले आणि कात्री खिशात ठेवली. "वास ज्याचा, जात त्याची. तुम्ही गोदाराणी आहात."

आत्या खुर्चीत बसली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बाबा खोटं नव्हते बोलत."

तिच्या आवाजात जो सुटकेचा भाव होता तो मला लागला. घरात कुणाची तरी सुटका झाली होती.

गोदाराणीला, म्हणजे मला, आता अधिवासापेक्षा वरचा दर्जा आहे. अधिवासाला शहरात फिरता यायचं. संरक्षित जात मूळ जागेवरून हलवता येत नाही, आणि माझी मूळ जागा गच्ची आहे. पत्र्याचं छप्पर मंजूर झालंय. सकाळी ऊन चांगलं येतं. प्रदर्शनाचे परीक्षक येऊन गेले, मला सगळ्या बाजूंनी बघितलं. "दिसायला अगदीच सामान्य," एक म्हणाले. दुसऱ्यांनी 'इतर' खोडलं.

सलोनीला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. मग हसणं लांबलं, आणि त्याचं हसणं राहिलं नाही.

"मी झाडाला विचारत नाहीये," ती नाक ओढत म्हणाली. "तुला विचारतेय. येणारेस?"

"मुळासकट हलवता येत नाही मला."

"आमच्याकडे मुळं कुणाला असतात? शेवाळाचा तुकडा तोडायचा, दोरीला बांधायचा, पाण्यात सोडायचा. वाढतो."

फोन ठेवल्यावर मी नियम पुन्हा वाचले. तशी तरतूद आहे. संरक्षित जातीची मूळ प्रत जागेवर ठेवून, तिची एक फांदी दुसरीकडे लावायची परवानगी मागता येते. आजच मागितलीय. फेटाळल्याचं पत्र लिहायला माझ्याकडेच येईल, आणि मी ते मनापासून लिहीन. अर्ज असा:

प्रति,
मा. उपसंचालक, जिवंत वारसा विभाग, नाशिक.

विषय: अर्जदाराची एक फांदी मालवण येथे लावण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही गोदाराणी या जातीची एकमेव ज्ञात प्रत असून, एकाच गच्चीवर एकच प्रत असणे जातीच्या हिताचे नाही. सबब, मूळ अर्जदार आहे तेथेच कायम ठेवून, त्याची एक फांदी, शक्यतो उजवी, बोटांसह, रीतसर छाटून मालवण येथे लावण्यात यावी. तेथील माती खारट असल्याची अर्जदारास कल्पना आहे. रुजण्याची संपूर्ण जबाबदारी अर्जदाराची राहील. देखभाल कु. सलोनी गांगुर्डे करतील व त्यांना हातमोजे घालण्याची सक्ती असू नये. हळद लावावी किंवा कसे, याबाबत विभागाचा निर्णय मान्य राहील.

छाटणी करताना फांदीची लांबी संध्याकाळी समुद्राकाठी चालताना हातात धरता येईल एवढी ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.